सॅन्डर टपलीवर चालतोय? आर्मेचर बदलण्याआधी कार्बन काढून पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भिंतीची पुट्टी घासायला घेतलेला 125 मिमी गोल पॅडचा सॅन्डर चालता चालता थांबतो. अंगावर टपली मारली की पुन्हा सुरू होतो. वरच्या जाळीतून निळसर ठिणग्या दिसतात. दुकानात दाखवला तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, बदलावं लागेल असं सांगितलं. कार्बन, म्हणजे त्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे दोन छोटे ठोकळे, बदलून भागेल का, आणि हे काम घरी जमेल का?

जमेल. टपली मारल्यावर सुरू होतो असं तुम्ही लिहिलंत, त्यातच बरंचसं निदान आलं. आर्मेचरचं वाइंडिंग जळालं तर मशीन गुरगुरतं, तापतं, जळका वास येतो, फ्यूज उडतो. टपलीने ते बरं होत नाही. एखादी कॉईल तुटली असेल तर मशीन एका ठरावीक जागी अडून बसतं आणि पॅड हाताने थोडा फिरवल्यावर चालू होतं. धक्का दिल्यावर सुरू होणं म्हणजे कुठेतरी टेकायला हवं ते नीट टेकत नाहीये. ती जागा बहुतेक वेळा कार्बनचीच असते. तिच्या खालोखाल केबल जिथे मशीनमध्ये शिरते तिथली आतून तुटलेली तार. म्हणून स्क्रू खोलण्याआधी मशीन चालू ठेवून केबल त्या रबरी नळीपाशी हलवून बघा. हलवल्यावर आवाज तुटत असेल तर कार्बनला हात लावायची गरजच नाही. प्लग काढा, केबल तेवढी आखूड करून पुन्हा जोडा, काम झालं.

आता कार्बन. हा सॅन्डर 230 व्होल्टच्या युनिव्हर्सल मोटरवर चालतो. मिक्सर, ड्रिल, ग्राइंडर यांच्यातही याच जातीची मोटर असते. फिरणाऱ्या आर्मेचरला वीज पोचवायची तर तिला घासत राहणारं काहीतरी हवंच. आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, म्हणजे कम्युटेटर, आणि त्यावर दोन बाजूंनी स्प्रिंगने दाबलेले दोन कार्बन. विजेच्या यंत्रांच्या सुरुवातीच्या काळात इथे तांब्याच्या तारांच्या जुड्या किंवा जाळ्या वापरत. तांब्यावर तांबं घासून दोन्ही झिजायचे आणि ठिणग्या उडायच्या. 1885 मध्ये जॉर्ज फोर्ब्स यांनी तांब्याऐवजी कार्बन वापरण्याचं पेटंट घेतलं, आणि पुढे सगळीकडे कार्बनच रूढ झाला.

कार्बन इथे दोन कामं करतो. एक, तो स्वतः निसरडा आहे, त्यामुळे तांबं वाचवून स्वतः झिजतो. दोन, त्याचा विजेला होणारा थोडासा अडथळा इथे उपयोगी पडतो. कम्युटेटरची एक पट्टी कार्बनखालून निसटताना तिच्या कॉईलमधला प्रवाह उलटा व्हायचा असतो, आणि त्या क्षणी कार्बन शेजारशेजारच्या पट्ट्या एकमेकींना जोडून टाकतो. तिथे तांबं असतं तर त्या वळशातून मोठा प्रवाह फिरून जोरात ठिणगी पडली असती. कार्बनच्या अडथळ्यामुळे तो प्रवाह आटोक्यात राहतो. म्हणजे कार्बन झिजला ही मशीनची खराबी नव्हे. झिजण्यासाठीच तो तिथे ठेवलेला आहे. खराबी सुरू होते ती झिजलेला कार्बन तसाच चालवला म्हणजे. आखूड झालेल्या कार्बनवर स्प्रिंगचा दाब कमी पडतो, तो पट्ट्यांवर उड्या मारायला लागतो, प्रत्येक उडीला ठिणगी, आणि प्रत्येक ठिणगी तांब्याचा थोडा भाग जाळते. असं काही आठवडे चाललं की मग दुकानदार म्हणतो ते खरं होतं, आर्मेचरच बदलावं लागतं. कार्बनची जोडी बहुधा शे-दोनशे रुपयांच्या आत मिळते, आर्मेचरला त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात.

सॅन्डरच्या बाबतीत मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण ड्रिल आणि ग्राइंडर दुरुस्त करणारेही इथे चकतात. सॅन्डरमध्ये कार्बन पुष्कळदा संपलेला नसतो, अडकलेला असतो. मोटरचा पंखा बाहेरची हवा आत ओढून मोटरमधून फिरवतो, आणि सॅन्डरच्या भोवतालची हवा म्हणजे धूळच. लाकडाचा भुसा त्यातल्या त्यात बरा. पुट्टीची धूळ मात्र पिठासारखी बारीक असते, कार्बन आणि त्याच्या पितळी होल्डरमधल्या कागदाएवढ्या फटीत जाऊन बसते. भिंतीची पुट्टी बहुतेक पांढऱ्या सिमेंटची असते. पावसाळ्यात काम बंद झालं, मशीन न साफ करता कोपऱ्यात ठेवलं, हवेतला ओलावा लागला, की ती धूळ होल्डरमध्ये चक्क जमते. दिवाळीआधी रंगाची कामं निघतात, मशीन बाहेर येतं आणि थांबत थांबत चालतं. स्प्रिंग ढकलतेय, पण कार्बन सरकत नाही. अशा वेळी नवा कार्बन त्याच घाणेरड्या होल्डरमध्ये घातला तर तोही थोड्याच दिवसांत अडकतो, आणि मग लोक म्हणतात कार्बन डुप्लिकेट निघाला.

कामाला लागू. आधी प्लग सॉकेटमधून काढा. नुसता स्विच बंद करून हे काम कधीही करू नका. मग मशीनच्या अंगावर समोरासमोर दोन काळ्या गोल टोप्या दिसतात का पाहा, ज्यांना स्क्रू ड्रायव्हरची चीर असते. अशा टोप्या असतील तर दहा मिनिटांचं काम आहे. चिरेत नीट बसेल असा रुंद, बोथट न झालेला स्क्रू ड्रायव्हर घ्या. बारीक ड्रायव्हरने चीर फुटते आणि मग टोपी निघता निघत नाही. टोपी सैल झाली की बोट तिच्यावर दाबून ठेवा, आत स्प्रिंग आहे, ती उडून जाते.

हातात मावणाऱ्या छोट्या सॅन्डरना मात्र पुष्कळदा अशा टोप्या नसतातच, आणि तुमचाही त्यातलाच असावा. मग अंग उघडावं लागतं. पॅडच्या मधला स्क्रू काढून पॅड वेगळा करा, पेपर आधीच काढलेला असू दे. मग बॉडीचे स्क्रू. हे बहुतेक चांदणीच्या आकाराच्या खाचेचे, म्हणजे टॉर्क्स असतात. साधा ड्रायव्हर जबरदस्तीने घुसवू नका, बिटांचा स्वस्त सेट मिळतो तो घ्या. मशीन आडवं ठेवून वरचा अर्धा भाग सरळ वर उचला. उचलल्याबरोबर मोबाईलवर दोन-तीन फोटो काढा. कुठली तार कुठल्या खाचेतून गेली आहे हे आत्ता सोपं वाटतं, परत लावताना आठवत नाही, आणि खाचेबाहेर राहिलेली तार बॉडीच्या दोन भागांत चेपली गेली की तिथे शॉक बसायची जागा तयार होते.

कार्बनवर दाब देणारी स्प्रिंग दोन प्रकारची असते. एकात कार्बनच्या मागेच गुंडाळीची स्प्रिंग असते. दुसऱ्यात घड्याळाच्या स्प्रिंगसारखी चपटी गुंडाळी बाजूला असून तिची दांडी कार्बनच्या पाठीवर दाबते. ही दांडी तारेच्या आकड्याने उचलून बाजूला अडकवा, नखाने उचलू नका. मग कार्बन बाहेर ओढा. ओढताना तो सहज आला की कुरकुरत आला, हे ध्यानात ठेवा. कुरकुरत आला तर मी वर म्हटलं तेच झालंय.

बाहेर काढलेले दोन्ही कार्बन शेजारी ठेवून पाहा. बाजूवर मर्यादेची रेघ असेल तर तिच्यापर्यंत झिजला की बदलायचा. रेघ नसेल तर नव्याच्या तुलनेत तिसरा हिस्सा उरला की बदला, वाट पाहू नका. दोन्ही सारखे झिजले असतील तर झीज नैसर्गिक आहे. एक आखूड आणि एक लांब असेल तर त्या बाजूंची स्प्रिंग आणि होल्डर तपासा, एका बाजूचा दाब गेलाय किंवा एक अडकून बसला होता. घासणारं तोंड गुळगुळीत, राखाडी चकचकीत असावं. तोंडावर खड्डे, जळके डाग, तुटलेला कोपरा दिसला तर ठिणग्यांनी त्याला खाल्लंय. पाठीमागून निघणारी तांब्याची वेणी पाहा. वीज त्या वेणीतून जायची असते. वेणी तुटली की सगळा प्रवाह स्प्रिंगमधून जातो, स्प्रिंग तापून निळसर पडते, तिचा ताठरपणा जातो. निळी पडलेली स्प्रिंग पुन्हा वापरू नका, कितीही चांगली दिसली तरी.

काही कंपन्यांच्या कार्बनमध्ये आतच एक छोटी प्लॅस्टिकची खुंटी आणि बारीक स्प्रिंग असते. कार्बन मर्यादेपर्यंत झिजला की ती खुंटी बाहेर येऊन कार्बनला कम्युटेटरवरून उचलते. मशीन काहीही कुरकुर न करता एकदम बंद पडतं. ज्यांना हे माहीत नसतं ते मोटर जळाली समजून मशीन भंगारात टाकतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण असं मशीन आतून उत्तम राहिलेलं असतं.

आता कम्युटेटर. इथे सगळ्यात जास्त नुकसान हौसेने केलं जातं. चांगल्या चाललेल्या कम्युटेटरवर कार्बनच्या वाटेत चॉकलेटी रंगाचा एकसारखा पातळ थर असतो. तो मळ नाही. बिडाच्या तव्यावर वापरून वापरून जो काळसर थर धरतो आणि ज्यामुळे भाकरी चिकटत नाही, तसाच हा आहे. घासून लख्ख केला तर कार्बन पुन्हा नव्याने तो थर बसवेपर्यंत भराभर झिजतो. त्यामुळे रंग एकसारखा असेल तर कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा आणि सोडून द्या. फारच काजळी असेल तर फडक्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. गंज सोडवणारा तेलकट स्प्रे कम्युटेटरवर मारायची पद्धत पडली आहे, ती सोडाच. तेलात कार्बनची भुकटी कालवली की वीज वाहणारा चिखल होतो, तो पट्ट्यांच्या मधल्या चिरांत बसतो आणि ठिणगी एका पट्टीवरून दुसरीवर पळत पूर्ण गोल फिरते.

थरावर जळके काळे पट्टे असतील आणि बोट फिरवल्यावर पायरी लागत नसेल, तर 400 किंवा 600 नंबरच्या पॉलिश पेपरची अरुंद पट्टी कम्युटेटरला लावून आर्मेचर हाताने गोल फिरवा, हलकेच. काळा एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण विजेला वाट देतात आणि चिरांत रुतून बसतात. नंतर पट्ट्यांमधल्या चिरा बांबूच्या काडीने साफ करा. पट्ट्यांमधला इन्सुलेटर तांब्यापेक्षा किंचित खोल असायला हवा. तो वर आला असेल तर कार्बन त्यावर आपटत राहतो.

होल्डरची सफाई हे या कामाचं खरं मर्म आहे. जुन्या दात घासायच्या ब्रशने आतली पावडर काढा, जमलेली पुट्टी असेल तर लाकडी काडीने खरवडा. पितळेला ओरखडे पडतील असं काही आत घालू नका. पुट्टी भिजवून काढायच्या नादात पाणी वापरू नका. साफ झाल्यावर स्प्रिंग न लावता नवा कार्बन होल्डरमध्ये सोडा. तो स्वतःच्या वजनाने खाली सरकला पाहिजे आणि मशीन उलटं केलं की परत बाहेर आला पाहिजे. तसं होत नाही तोवर बॉडी बंद करू नका.

नवा कार्बन आणताना जुना बरोबर न्या आणि मशीनवरच्या पट्टीचा फोटोही न्या, मॉडेल नंबर त्याच्यावर असतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत बहुतेक सगळ्या मॉडेलांचे कार्बन मिळतात. गावाकडे मिळत नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून मागवा. दुकानदार “हा बसतो” म्हणाला तरी जाडी आणि रुंदी व्हर्नियरने मोजून घ्या. लांबी जरा कमी-जास्त चालते, जाडी-रुंदी नाही. किंचित जाड असेल तर काचेवर बारीक पेपर पसरून बाजू घासता येते, पण ते नाइलाज म्हणून. लहान कार्बन तर घेऊच नका, होल्डरमध्ये तिरका होऊन तो रोज नवं तोंड करत राहतो. लालसर झाक असलेला कार्बन तांबं मिसळलेला असतो. तो बॅटरीवर चालणाऱ्या कमी व्होल्टच्या मोटरांसाठी आहे, 230 व्होल्टच्या सॅन्डरमध्ये घालू नका. आणि कडकपणाचं एक सांगतो. कधीच झिजत नाही म्हणून कौतुकाने विकला जाणारा कार्बन बहुधा कडक असतो, आणि तो झिजत नाही तेव्हा तांबं झिजतं.

दोन्ही कार्बन एकदमच बदला. एक चांगला दिसतोय म्हणून ठेवला तर दोन्हीकडचा दाब वेगळा राहतो. नव्याच्या तोंडाला वळण दिलेलं असेल तर ते कम्युटेटरच्या गोलाईशी जुळेल असंच घाला, चुकून आडवं घातलं तर फक्त दोन कोपरे टेकतात. वेणी होल्डरच्या खाचेत मोकळी ठेवा, पीळ पडू देऊ नका, कारण कार्बन पुढे सरकेल तशी तिलाही पुढे जायला जागा हवी. जुने कार्बन चांगले निघाले आणि फक्त अडकले होते असं दिसलं, तर तेच परत घाला, पण ज्या बाजूचा त्याच बाजूला आणि त्याच दिशेने. त्यांच्या तोंडांनी त्या जागेचा आकार घेतलेला असतो.

बॉडी बंद करण्याआधी आर्मेचर हाताने हलवून बघा. बेअरिंगमध्ये खुळखुळ लागली तर कार्बन बदलून उपयोग नाही. दांडा थरथरतो, कार्बन उडतो, ठिणग्या पुन्हा चालू. बेअरिंगवर नंबर छापलेला असतो, तोच आणा, पण सॅन्डरसाठी दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं घ्या. नुसत्या पत्र्याच्या झाकणाच्या बेअरिंगमध्ये पुट्टी शिरते.

मल्टीमीटर असेल तर आणखी खात्री करता येते. कार्बन काढलेले असताना कम्युटेटरच्या लगतच्या दोन-दोन पट्ट्यांमधला ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजत पूर्ण गोल फिरा. सगळीकडे जवळपास सारखा आकडा आला पाहिजे. कुठल्याही पट्टीपासून लोखंडी दांड्यापर्यंत मात्र काहीच कनेक्शन दिसता कामा नये. प्लगच्या दोन पिनांवर मोजायची सवय असेल तर ध्यानात ठेवा की स्पीडचं चाक असलेल्या सॅन्डरमध्ये मधे इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. मोटर ठणठणीत असली तरी पिनांवर मीटर काहीच दाखवत नाही.

सगळं जोडलं की लगेच भिंतीला लावू नका. पॅड हवेत धरून कमी स्पीडवर पाचेक मिनिटं चालवा, मग स्पीड वाढवून आणखी पाच-दहा मिनिटं. सुरुवातीला ठिणग्या थोड्या जास्त दिसतील, थोडा वासही येईल. तोंड गोलाईवर बसत जाईल तसं ते कमी होतं. शेवटी कार्बनच्या कडेला बारीक निळसर लुकलुक उरते, ती चालते. पहिला दिवस हलकं काम करा.

पुढे कार्बन किती टिकेल ते तुमच्या हातावर आहे. सॅन्डरवर हाताचं वजन पुरे असतं. जोर दिला तर पेपर नव्हे, मोटर दमते, प्रवाह वाढतो आणि कार्बन जळतो. पेपर बोथट झाला की बदला. साइटवर लांबलचक बारीक वायरवरून मशीन चालवलं तर व्होल्टेज पडतं, स्पीड कमी होतो, पंख्याची हवाही कमी होते, आणि माणूस नकळत जास्त दाबतो. धुळीची पिशवी लावा, त्याहून व्हॅक्यूम बरा. संध्याकाळी ब्लोअरने जाळ्यांमधून हवा मारा, चष्मा आणि मास्क लावून. हीच धूळ तुमच्या फुफ्फुसातही जाते, त्यामुळे घासतानाही मास्क हवाच.

कोकणातल्या लोकांना ओलाव्याची धास्ती असते, म्हणून एक. हवेतली वाफ कार्बनला हवीच असते. ग्रॅफाइटचा निसरडेपणा आणि कम्युटेटरवरचा तो थर दोन्ही त्या वाफेवर अवलंबून आहेत. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरचे कार्बन तिथल्या कोरड्या, विरळ हवेत पाहता पाहता भुकटी होऊ लागले, आणि त्यांच्यासाठी कार्बनमध्ये वेगळी द्रव्यं मिसळावी लागली. तेव्हा पावसाळी हवा ही अडचण नाही. आत राहिलेली पुट्टी ही अडचण आहे. पावसाळ्याआधी मशीन साफ करून ठेवा आणि मधूनमधून दोन मिनिटं रिकामं चालवा.

एवढं करूनही कम्युटेटरभोवती ठिणग्यांचं पूर्ण कडं फिरत असेल, समोरासमोरच्या पट्ट्या जळून खड्डा पडला असेल, किंवा मीटरवर कुठे आकडा एकदम वेगळा येत असेल, तर आर्मेचर खरंच गेलंय. इतक्या लहान आर्मेचरचं रिवाइंडिंग, म्हणजे तार नव्याने गुंडाळणं, करत बसू नका. मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेणाऱ्या दांड्याचा तोल हाताने भरलेल्या वाइंडिंगवर सहसा साधत नाही, आणि तो थरथरला की नव्या बेअरिंगचीही वाट लागते. कंपनीचं आर्मेचर, कार्बनची नवी जोडी आणि दोन्ही बेअरिंग यांची किंमत एकत्र विचारा. ती नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्त भरली तर नवं घ्या, आणि जुन्याची बॉडी, पॅड, स्विच आणि केबल सुट्या भागांसाठी ठेवून द्या.